पहिली थाप बकऱ्याला

रहिमतपूरहून म्हसवडला जायचं आणि त्याचं प्रवासवर्णन लिहायचं, हे ऐकून माझा भाऊ हसला. "माझ्या महिन्याला चार फेऱ्या होतात तिकडं. मग मी ग्रंथच लिहायला पाहिजे," म्हणाला. त्याचं चुकत नाही. आमच्याकडच्या माणसाला हा काही प्रवास वाटत नाही. पण मी तो एका चिनी बाईंबरोबर केला, आणि ज्या रस्त्याने लहानपणापासून डुलक्या काढत गेले त्या रस्त्यावर पाच दिवस टक्क जागी राहिले. म्हणून हे लिहिते आहे.

माझा धंदा दुभाष्याचा. चाकणच्या कारखान्यांत चिनी मशिनं येतात, त्यांच्याबरोबर चिनी इंजिनिअर येतात आणि दोघांच्या मध्ये मी उभी असते. बेअरिंग, गिअरबॉक्स, 'हा बिघाड वॉरंटीत बसत नाही' हे सगळं मला चिनी भाषेत झोपेतही सांगता येतं. त्यामुळे पुण्यातल्या एका संगीतसभेच्या लोकांनी "एका चिनी संगीतकार बाईंना पाच दिवस फिरवाल का?" असं विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही. ते म्हणाले, "त्यांना म्हसवडला जायचंय." म्हसवड म्हटल्यावर मात्र माझ्यातली रहिमतपूरची मुलगी जागी झाली. माझ्या माहेरच्या दारावरून जाणारा रस्ता दुसरं कुणी दाखवणार म्हणजे काय! गाडी मीच चालवीन, असंही सांगून टाकलं.

बाईंचं नाव तांग येपिंग, वय एकसष्ट. त्यांच्या शहराच्या वाद्यवृंदासमोर हातात छोटी काठी घेऊन उभं राहायचं आणि ऐंशी वादकांना एकत्र चालवायचं, हे त्यांचं काम. शिवाय अशा वाद्यवृंदांसाठी त्या स्वतः संगीतही लिहितात. पुण्यात एक कार्यक्रम करायला आल्या होत्या. तिथे कुणीतरी त्यांना फोनवर माणदेशातल्या धनगरी गजी नाचाच्या ढोलाचं जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं. चाळीस सेकंदांचं. ते त्यांनी म्हणे सात वेळा ऐकलं आणि परतीचं तिकीट पुढे ढकललं.

रहिमतपूर

साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा तांगबाईंनी पिशवीतून थर्मास काढला आणि हॉटेलवाल्याकडे गरम पाणी मागितलं. नुसतं गरम पाणी. चीनमध्ये सगळेच पितात, मला सवयीचं आहे. पण हॉटेलवाल्याने त्यांच्याकडे काळजीने बघितलं आणि मला हळूच विचारलं, "पोट बिघडलंय व्हय त्यांचं? ओवा दिऊ?" पुढचे पाच दिवस, जिथे जाऊ तिथे, हा ओवा आमच्या मागे आला.

रहिमतपुरात भावाकडे मुक्काम होता. वहिनीने पिठलं, बाजरीची भाकरी आणि खरडा केला होता. आता चिनी रीत अशी की पाहुण्याने वाढलेलं दोनदा-तीनदा नको म्हणायचं. तिसऱ्या नकाराला यजमान ओळखतो आणि मग वाढतो किंवा थांबतो. आमच्या वहिनीच्या शब्दकोशात नकार हा शब्द नाही. तांगबाई तीनदा नको म्हणाल्या, वहिनीने चौथी भाकरी टाकली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "इथे चौथ्यांदाही नको म्हणावं लागतं. आणि ते खरं वाटावं म्हणून ताटावर आडवं व्हावं लागतं."

बाजरी मात्र त्यांनी ओळखली. भाकरीचा तुकडा त्यांनी नाकाशी नेऊन हुंगला. त्यांचं गाव उत्तरेकडच्या पिवळ्या मातीच्या डोंगरात. पाऊस थोडा, झाडं थोडी, बकऱ्या भरपूर. तिथेही अशीच बारीक धान्यं, फक्त भाकरीऐवजी पेज. वडील बकऱ्या राखायचे आणि गावातल्या लग्नाला-मयताला ढोल वाजवायचे. "अकराव्या वर्षी मी घर सोडलं," त्या म्हणाल्या. तालुक्याच्या नाटकमंडळीला बासरीवाली मुलगी हवी होती. निवडीला आलेल्या माणसाने त्यांना ताल धरायला सांगितला, तर यांनी वडिलांच्या ढोलाचा अख्खा ठेका तोंडाने म्हणून दाखवला. मंडळीत दोन वेळचं जेवण मिळायचं, म्हणून आईने रडत रडत पाठवलं.

मग पुढचं सगळं त्यांनी दुसऱ्या कुणाची हकीगत सांगावी तसं सांगितलं. संगीत महाविद्यालयाच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या, कारण पाच रेघांवरचे सूर वाचताच येत नव्हते. दुसऱ्या वर्षी पास. नंतर दोन वर्षं जर्मनीत, सकाळी शिकायचं आणि संध्याकाळी हॉटेलात भांडी घासायची. परत आल्यावर एका वाद्यवृंदासमोर पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तर मागच्या रांगेतले पुरुष त्यांच्या हाताकडे बघेचनात. "मग काय केलंत?" मी विचारलं. "हात खाली घेतला आणि थांबले. पाच मिनिटं. शेवटी शांततेलाच ते घाबरले," त्या म्हणाल्या. हे ऐकून वहिनी जाम खूश झाली. तिने न विचारता पाचवी भाकरी वाढली.

नदीवर लिहिलेल्या एका रचनेने त्यांचं नाव झालं. मग मागण्या सुरू झाल्या. परदेशातल्या लोकांना काहीतरी 'चिनी' हवं असायचं, घंटा आणि ढोल असलेलं. देशातल्या लोकांना काहीतरी भव्य हवं असायचं. "मी एका पुलाच्या उद्घाटनासाठीसुद्धा संगीत लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पूल चांगला आहे."

आणि मग, वहिनी आत गेल्यावर, त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. तीन वर्षांत त्यांनी एक सूरही लिहिला नव्हता. वडील वारले तेव्हापासून. दुसऱ्यांच्या रचना त्या वाजवून घेत होत्या, हात चालत होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या हंगामाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे एक जागा कोरी ठेवली होती. परत गेल्यावर ती भरायची, नाहीतर दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगायचं. "आणि एकदा दिली की पुन्हा नाही मागायची," त्या म्हणाल्या. "सुरांचे कागद आता जवळ ठेवतही नाही. उगाच पिशवीला ओझं." मी त्यांचा थर्मास भरून आणला.

म्हसवड, पहिला दिवस

दहिवडी मागे पडली की रस्त्याचं अंग उघडं पडतं. ऊस संपतो, माळ सुरू होतो, मध्येच डाळिंबाची एखादी बाग आणि रस्ता अडवून चाललेली मेंढरं. मी हॉर्नवर हात ठेवला तर तांगबाईंनी माझं मनगट धरलं. काच खाली करून त्यांनी कळप पूर्ण जाईपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे घंटा एकाच्याच गळ्यात. इथे तिघांच्या आहेत." मी जन्मात कधी मोजल्या नव्हत्या.

म्हसवडच्या बाहेर तानाजीराव वाट बघत होते. चाळिशीचा उंचापुरा माणूस, गजी मंडळाचा प्रमुख, घरची मेंढरं आणि शिवाय बी-बियाणांचं दुकान. त्यांच्या मागे भलामोठा फ्लेक्स. 'सुस्वागतम' आणि खाली तांगबाईंचा फोटो. फक्त तो तांगबाईंचा नव्हता. इंटरनेटवरून उतरवलेली कुणीतरी चिनी नटी होती, गालावर खळी असलेली. मी माफीची वाक्यं जुळवू लागले. तांगबाईंनी फ्लेक्स नीट बघितला आणि म्हणाल्या, "राहू दे. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आहे. फायदाच आहे."

सिद्धनाथाचं दर्शन झालं, फेटा झाला, नारळ झाला, चार भाषणं झाली. त्यातल्या एकात भारत-चीन मैत्री गेल्या दोन हजार वर्षांची होती, ती मी दोन वाक्यांत उरकली. मग गजी सुरू झालं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पांढरे घोळदार झगे, डोक्याला फेटे, दोन्ही हातांत रंगीत रुमाल घेतलेले वीस-पंचवीस पुरुष ढोलाभोवती रिंगण धरतात आणि एकदम सगळ्यांचे पाय बदलतात. पाय कधी बदलायचे ते पुढचा माणूस रुमालाने सांगतो. तो रुमाल तानाजीरावांच्या हातात होता, पिवळा.

नाच देखणाच होता. पण ढोल! नवेकोरे, चकाकते, पांढऱ्या प्लॅस्टिकचं पान लावलेले. समोर मोठाले स्पीकर, आणि माइकमध्ये असा घुमारा भरलेला की एक थाप चार वेळा ऐकू यावी. टण्ण टण्ण असा आवाज कानशिलात बसत होता. तांगबाई ताठ बसल्या होत्या. शेवटी उभ्या राहून त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. पण मी त्यांना दोन दिवस ओळखत होते. गरम पाण्याचा घोट तोंडात धरून बसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

तानाजीराव घामाघूम होऊन आले. "मॅडमला सांगा, ह्ये सगळं त्यांच्यासाठी आणलंय. परदेशातनं पाव्हणं येणार आन् आमी काय ती जुनी, ठिगळाची कातडी वाजवायची? पार पुण्याला जाऊन आणलं बघा ढोल. कसं वाटलं, इचारा."

मी विचारलं. तांगबाई म्हणाल्या, "फार सुंदर. फार कष्ट घेतले." मी तसंच सांगितलं. वीस वर्षांत मी एकच नियम पाळला आहे: दुभाष्याला स्वतःचं तोंड नसतं.

दुपारी तानाजीरावांच्या घरी ओसरीवर आम्ही दोघीच होतो. त्यांच्या घरातून माडगं आलं, हुलग्याचं, गरम आणि पातळ. तांगबाईंनी वाटी दोन्ही हातांत धरली आणि एकदम हसू लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मला वाटलं तिखट लागलं.

"हेच मी केलं होतं," त्या म्हणाल्या. "अगदी हेच."

पहिला मोठा पगार झाल्यावर त्या गावी गेल्या होत्या. वडिलांचा ढोल जुना, कातडं सैल, एका बाजूला शिवलेलं. इतक्या मोठ्या शहरातल्या संगीतकार मुलीच्या बापाने असा ढोल वाजवावा याची त्यांना लाज वाटली. कारखान्यात बनलेला नवा, लाल, प्लॅस्टिकच्या पानाचा ढोल त्यांनी नेला. वडील म्हणाले, "फार सुंदर. फार कष्ट घेतलेस." आणि मरेपर्यंत तोच वाजवला. जुना ढोल घरात पुन्हा दिसला नाही. "कुठे गेला ते मी कधी विचारलं नाही. आधी सुचलं नाही, मग धाडस झालं नाही. आता विचारायला तो नाही." फोनवरच्या त्या चाळीस सेकंदांत त्यांनी जुना आवाज ऐकला होता. त्यासाठी आल्या होत्या.

"तानाजीरावांना सांगू का?" मी म्हटलं.

"नको," त्या म्हणाल्या. "त्यांनी प्रेमाने केलंय. मला माहीत आहे ना, किती प्रेमाने करतात ते."

परवा सकाळी मिरजेकडे निघायचं होतं. त्या कोऱ्या जागेचा विचार माझ्याच डोक्यात जास्त घोळू लागला. मला त्यांचा राग आला, तानाजीरावांचा आला आणि सगळ्यात जास्त माझ्या नियमाचा आला.

म्हसवड, दुसरा दिवस

सकाळी तानाजीराव दुकान उघडत होते तेव्हा मी त्यांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगायची पद्धत माझी कारखान्यातली: बिघाड काय, कुठे, कशामुळे. त्यांचा चेहरा पडला. हातातली किल्ली तशीच राहिली.

"मंग काल टाळ्या कशाला वाजवल्या?"

"तुमचा मान ठेवला त्यांनी."

"आमीबी त्यांचाच मान ठेवाय गेलतो की!" ते चिडून म्हणाले. चिडणारच. थोडा वेळ पोती इकडची तिकडे केली. मग पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाले, "जुना ढोल हाय. बिरूतात्याकडं. माझं चुलतं. पर त्ये दोन वर्सं झाली माझ्याशी बोलत न्हाईत. मी प्लॅस्टिकचं पान आणलं त्या दिवशीच त्यांनी आपला ढोल उचलला आन् वस्तीवर गेलं."

"चला मग."

"मला बघून कुत्रं सोडतील ते."

"कुत्र्याला मी बघते," मी म्हटलं. मी कुत्र्यांना भयंकर घाबरते.

वस्ती चार किलोमीटरवर, माळाच्या कडेला. कुत्रं निघालंच, पण तांगबाई खाली बसून त्याच्याशी चिनीत बोलल्या आणि ते शेपूट हलवत बाजूला झालं. बिरूतात्या मेंढरांच्या वाड्याशी बसून लोकर विंचरत होते. सत्तरी उलटलेली, अंगाने काटक. पुतण्याकडे त्यांनी बघितलंच नाही. तांगबाईंच्या पायांतले बूट बघितले, मग माझ्याकडे वळले. ढोल आतल्या आढ्याला घोंगड्यात बांधलेला दिसत होता.

"आवं तात्या, ह्यांना जुना ढोल ऐकायचाय," मी म्हटलं.

"का?"

इतका साधा प्रश्न तीन दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी तांगबाईंकडे वळून म्हटलं, "ते विचारतात, का?"

त्यांनी सगळं सांगितलं. मी वाक्यामागून वाक्य मराठीत आणत गेले. नवा लाल ढोल, शिवलेलं कातडं, लाज वाटली तेसुद्धा. तानाजीराव बाभळीखाली उभे होते. ते मान खाली घालून ऐकत होते.

तात्यांनी लोकर बाजूला ठेवली. "त्यो नवा ढोल बापानं वाजवला?"

"शेवटपर्यंत."

"कुरकुर न करता?"

"हो."

"मंग लय चांगला मानूस हुता," तात्या म्हणाले. आणि पुतण्याकडे न बघता ओरडले, "आरं ए, उभा काय ऱ्हायलाय? हात लाव की ढोलाला!"

घोंगडं सोडलं. लाकूड काळं पडलेलं, दोऱ्या तेलकट, कातडं ढिलं. तानाजीराव लगबगीने काटक्या गोळा करू लागले, कारण असा ढोल आधी जाळावर धरून तापवावा लागतो, तेव्हा कातडं ताणतं. तात्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"आदी थाप."

न तापवलेल्या ढोलावर त्यांनी पंजाने एकच थाप दिली. खोल, भिजट, जमिनीच्या आतून आल्यासारखा आवाज झाला. वाड्यातली मेंढरं गप्प झाली. तात्या आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबले आणि मगच काटक्यांकडे बोट केलं.

तांगबाईंनी माझा दंड धरला होता. "हे काय होतं?"

मी विचारलं. तात्या म्हणाले, "आमच्या घरात असं हाय. ज्या बकऱ्याचं कातडं, त्येला पयली थाप. ती गार ढोलावरच द्यायची. तापवल्यावर ढोल आपला. त्याआदी त्येचा."

मी ते चिनीत सांगितलं. तांगबाई ढोलाकडे बघत म्हणाल्या, "माझा बापही करायचा. मला वाटायचं, ढोल बिघडलाय का ते बघतो."

मग जाळ झाला, कातडं तापलं आणि तात्यांनी वाजवायला घेतलं. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला हात. थोड्या वेळाने तानाजीरावांच्या खिशातून पिवळा रुमाल निघाला. झगा नाही, रिंगण नाही. पँट-शर्टातला एक माणूस माळावर एकटाच नाचत होता. तात्यांनी ठेका बदलला की त्यांचा रुमाल फिरायचा. तांगबाई रुमालाकडे बघत होत्या. त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता.

थांबल्यावर त्यांनी विचारलं, की पुढे कोण असतं, रुमाल की ढोल?

तानाजीराव धापा टाकत म्हणाले, "रुमाल मी हलवतो. पर ढोल ऐकल्याबिगर हलवायचा कसा? ऐकायचं आन् मंग दाखवायचं."

"ऐकून घेतल्यावर दाखवायचं," तांगबाई स्वतःशी म्हणाल्या. निघताना तात्यांनी चहा केला, त्यांना वेगळं गरम पाणी दिलं आणि त्यात ओवा टाकला. त्या ते निमूट प्यायल्या. काका-पुतणे वाड्याच्या कुडापाशी उभे राहून दोऱ्या बदलण्याबद्दल भांडत होते, म्हणजे बोलणं सुरू झालं होतं.

कुंडल

चौथ्या दिवशी सकाळी म्हसवड सोडलं. विट्यापर्यंत तांगबाईंची बोटं मांडीवर ठेका धरत होती. पुढे कुंडलला माझा मावसभाऊ संपतराव राहतो, तिथे जेवून मिरजेला जायचं ठरलं होतं. मिरजेला तंबोरे कसे बनवतात ते दाखवायचं, हा संगीतसभेने आखलेल्या कार्यक्रमातला मोठा भाग. माळ संपला, हिरवा ऊस सुरू झाला, द्राक्षांच्या बागा आल्या. पलूस तालुक्यात शिरताना त्या एकदम म्हणाल्या, "सू, कागद आहे का?" माझ्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं त्यांनी ठेवलं होतं.

माझ्याकडे कारखान्याची डायरी होती, मशिनच्या नोंदींची. त्यांनी तिच्यावर हाताने पाच रेघा ओढायचा प्रयत्न केला. गाडी हलत होती, रेघा वाकड्या आल्या. मी ॲक्सिलेटर दाबला.

संपतराव लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालाय. पण बंदूक त्याने थोडीच चालवली. तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. पाच रेघांचे सूर वाचणारा आमच्या नात्यातला तो एकटाच, आणि या गोष्टीचा नातेवाइकांना आजवर काडीचा उपयोग झाला नव्हता. मी दारातूनच ओरडले, "दादा, तुझे ते रेघांचे कागद आहेत का?"

तो आत गेला आणि लोखंडी ट्रंकेतून गठ्ठा घेऊन आला. कडा पिवळ्या पडलेल्या, पण कोरे. "रिटायर होताना आणलेलं. फेकवलं न्हाईत," म्हणाला.

तांगबाईंनी दोन्ही हातांनी कागद घेतले आणि ओसरीवर खुर्ची ओढून बसल्या. संपतरावाची बायको, म्हणजे इथली वहिनी, ताट घेऊन आली. नको. पुन्हा आली. नको. पाचव्यांदा नको ऐकल्यावर वहिनी घाबरून मला म्हणाली, "आवं ताई, ह्ये खरं नको हाय वाटतं." तीन तास त्या उठल्या नाहीत. उसाची ट्रॉली रस्त्याने गाणी लावून गेली, त्यांनी मान वर केली नाही.

संपतराव लांबून बघत होता. मध्येच मला म्हणाला, "मी लडाखला व्हतो, ठाव हाय न्हवं? समोर ह्यांचीच माणसं." मी म्हटलं, "याचं आता मला भाषांतर करायला लावू नकोस म्हणजे झालं." तो म्हणाला, "न्हाई गं. एवढंच सांग, तिथं थंडीत क्लॅरिनेटच्या तोंडाची पट्टी ओली ऱ्हायची न्हाई, गोठायची. वाजवता यायचं न्हाई कुणालाच."

संध्याकाळी त्यांनी पेन्सिल ठेवल्यावर मी ते सांगितलं. तांगबाईंनी एक कागद त्याच्यापुढे ठेवला आणि बोटाने एक ओळ दाखवली. संपतराव क्लॅरिनेट घेऊन आला, चष्मा लावला आणि वाजवली. बाईंनी हाताने खूण केली, अजून हळू. त्याने हळू वाजवली. या सगळ्यात माझी गरज कुणालाच लागली नाही. आयुष्यात पहिल्यांदा बेकार बसायला मला इतकं बरं वाटलं.

मिरज राहिलंच. संगीतसभेचे लोक अजून मला त्यावरून बोलतात.

पुन्हा म्हसवड

सात महिन्यांनी तांगबाईंचा निरोप आला, सोबत रेकॉर्डिंग आणि पहिल्या पानाचा फोटो. मी फोनवरून कुणाला पाठवलं नाही. गाडी काढली आणि सरळ वस्तीवर गेले. तानाजीराव तिथेच होते, ढोलाला नव्या दोऱ्या लावल्या होत्या. काका-पुतण्यांचं भांडण आता गाठ कशी मारायची इथवर आलं होतं.

मी आधी पान दाखवलं. वर संपतरावाच्या लष्करी कागदासारख्याच पाच रेघा, पण सगळ्या रिकाम्या. फक्त सगळ्यात खाली, ढोलाच्या ओळीत, एकच टिंब. त्याच्याखाली चिनीत सूचना.

"काय लिवलंय?" तात्यांनी विचारलं.

"ढोल तापवू नये. एक थाप. आवाज पूर्ण जाईपर्यंत वाद्यवृंद चालवणाऱ्याने हात हलवू नये."

तात्यांनी मान हलवली. "मंग तापवायचा कवा?"

"दुसऱ्या पानावर. ढोलवाला ढोल घेऊन आत जातो, तापवून परत येतो. तोवर बाकीचे वाजवतात."

"ब्येस," तानाजीराव म्हणाले. "आन् ढोल कुठला आणला?"

तेच सांगायला मी आले होते. तांगबाई गावी गेल्या होत्या आणि अखेर त्यांनी विचारलं होतं. दारोदार. जुना ढोल वडिलांनी शेजाऱ्याला दिला होता. शेजाऱ्याच्या परसात तो आडवा पडला होता, कातडं केव्हाच गेलेलं, आणि आतल्या पोकळीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघेपर्यंत त्या नऊ दिवस गावात राहिल्या. मग शेजाऱ्याने बकऱ्याचं कातडं दिलं आणि ढोल नव्याने मढवला. पहिल्या प्रयोगाला त्यांनी वाद्यवृंद चालवायची आपली छोटी काठी एका वादकाच्या हाती दिली आणि ती थाप स्वतः दिली.

तात्यांनी फोन कानाला न लावता जमिनीवर ठेवायला सांगितला. आम्ही तिघं भोवती बसलो. आधी सभागृहातली कुजबुज, मग शांतता, मग ती थाप. छोट्या फोनमधून काय येणार, पण आली. खोल, भिजट. मेंढरांनी माना वर केल्या. त्यानंतर बराच वेळ फोनमध्ये काहीच नव्हतं. तिथे किती लोक बसले असतील कोण जाणे, कुणी खोकलंसुद्धा नाही.

तात्यांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि हात जोडले.

"पोचली," ते म्हणाले.

मी विचारलं, "बकऱ्याला?"

"त्येलाबी," तात्या म्हणाले. मग बाकीचे वाजवायला लागले आणि आम्ही शेवटपर्यंत ऐकत बसलो.